लष्कर भागातल्या मुलांचा मधमाश्यांचा वर्ग

"मधमाश्या नष्ट झाल्या तर माणूस चार वर्षांत नष्ट होईल." आइनस्टाइनच्या फोटोखालचं हे वाक्य त्या आठवड्यात मला निरनिराळ्या पालकांकडून पुन्हा पुन्हा आलं. निमित्त माझंच होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात रविवारी सकाळी आम्ही मराठी मुलांचा एक वर्ग चालवतो. घरात मराठी, शाळेत आणि गल्लीत हिंदी अशी ही मुलं. त्यांच्या कानावर थोडी पुस्तकी मराठी पडावी म्हणून श्लोक, गाणी, गोष्टी असतात. या वेळी श्रावणात मी जाहीर केलं, की संक्रांतीपर्यंत गोष्टींच्या तासाला मधमाश्या घ्यायच्या. पालकांना कल्पना आवडली आणि त्यांनी आइनस्टाइन धाडला.

आइनस्टाइन असं म्हणाल्याचा कुठेही पुरावा नाही. शिवाय ते खरंही नाही. गहू, तांदूळ, बाजरी यांना माशीची गरज पडत नाही; त्यांचं काम वाऱ्यावर नाहीतर आपलं आपण उरकतं. पोट भरेल आपलं. ताटाची डावी-उजवी बाजू मात्र ओस पडेल. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात जगातल्या 115 प्रमुख पिकांपैकी 87 पिकांना पराग इकडून तिकडे नेणाऱ्या प्राण्यांचा कमीजास्त उपयोग होतो असं दिसलं होतं, आणि या पिकांचा एकूण उत्पादनातला वाटा साधारण 35 टक्के. हे आकडे पुरेसे गंभीर आहेत. त्यावर खोट्या वाक्याची फोडणी कशाला?

मी शाळेत वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवलं. "मधुमक्खी का महत्त्व, पाँच अंक" या प्रश्नाची उत्तरं इतकी तपासली आहेत, की मुलांना महत्त्व पाठ होतं आणि माशी ओळखू येत नाही हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून ठरवलं होतं, की महत्त्व हा शब्द आपण होऊन उच्चारायचा नाही. सुरुवात करायची ती मुलांकडे आधीपासून जे भरपूर आहे त्यापासून, म्हणजे भीतीपासून.

पहिल्या रविवारी फक्त विचारलं, "कुणाकुणाला माशी चावलीय?" पंधरा-सोळा मुलं होती आणि प्रत्येकाकडे कथा होती. गच्चीवर पतंग उडवताना कानाला, मामाच्या गावी विहिरीत उतरताना, किल्ल्यावर सहलीला गेल्यावर. एकाने तर बहिणीला चावली ती स्वतःच्या खात्यावर घेतली. वेळ संपला तरी कथा संपेनात, आणि मीही घाई केली नाही. ऐकता ऐकता लक्षात आलं, की निम्म्या कथांतली माशी मधमाशी नव्हतीच. बारीक कंबर, पिवळीधमक, गुळगुळीत अंग, एकामागून एक डंख मारणारी: ती गांधीलमाशी, इथली ततैया. मधमाशी केसाळ. तिचा डंख दातेरी असतो, आपल्या कातडीत रुततो, आणि ती उडाली की पोटाचा तुकडाही डंखाबरोबर मागे राहतो. ती मरते. मागे राहिलेली विषाची पिशवी मात्र आपोआप आकसत-फुगत विष आत ढकलत राहते. म्हणून डंख कशाने काढला यापेक्षा किती लवकर काढला ते बघायचं. नखाने खरवडा, बसच्या पासच्या कडेने खरवडा, पण थांबू नका. मग बर्फ. ओठ सुजले, श्वास लागला, अंगभर पित्त उठलं तर घरगुती उपाय करत न बसता थेट दवाखाना.

त्यांना सगळ्यांत आवडलं ते केळ्याचं. डंख मारताना मधमाशी जो धोक्याचा वास सोडते, त्यातलं मुख्य रसायन पिकलेल्या केळ्याच्या वासातही असतं. त्या वासाने बाकीच्या माश्या त्याच जागेवर तुटून पडतात. त्यामुळे मोहोळाजवळ केळं खाऊ नये. पुढचे काही आठवडे वर्गात डब्यात केळं आणणाऱ्याची धडगत नव्हती.

आणि मग सातवीतल्या एकीने विचारलं, "मरणारच असेल तर चावते कशाला?"

या प्रश्नासाठी मी तासच्या तास द्यायला तयार होते. कामकरी माशीला स्वतःची पिल्लं नसतात. पोळ्यात तिची आई असते, हजारो बहिणी असतात, आणि डंख आहे तो त्या घरासाठी. फुलावर एकटी बसलेली माशी कशासाठी जीव देईल? तिला मुठीत धरलं नाही, पायाखाली चिरडलं नाही, तर ती आपल्याकडे ढुंकून बघत नाही. पोळं म्हणजे घर, फूल म्हणजे बाजार, आणि या दोन्हींत हा फरक आहे हे मुलांना पटलं, तसा पुढच्या आठवड्याचा अभ्यासही त्यांनी कुरकुर न करता घेतला: घरच्या तुळशीपाशी हातभर अंतरावर दहा मिनिटं बसायचं आणि कोण येतं ते लिहायचं.

आमच्याकडे मराठी घर आणि तुळस नाही असं सहसा होत नाही, आणि मंजिऱ्या आलेली तुळस मधमाश्यांना फार आवडते. वह्या आल्या त्या बघण्यासारख्या होत्या. चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत "कोणी नाही, मग एक मुंगी, मग आई". जुन्या वाड्याच्या अंगणात पान भरून नोंदी. बहुतेक ठिकाणी आलेली माशी एकच होती: बारीक, पोटाचा पुढचा भाग तांबूस, मागे काळे-पांढरे पट्टे. ती फुलोरी. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं करते, आणि मुंग्या येऊ नयेत म्हणून फांदीला दोन्ही बाजूंनी चिकट डिंकासारखं लिंपते. त्यानंतर मी बाकीच्यांची ओळख करून दिली. अंधाऱ्या ढोलीत एकामागे एक समांतर पोळी बांधणारी सातेरी. उंच कड्याला, झाडाला, पुलाला उघड्यावर एकच मोठं पोळं टांगणारी आग्या. भिंतीच्या भेगेत राहणारी, डंख नसल्यासारखीच, इवलीशी काळी पोया. आणि पेट्यांतली परदेशी मेलिफेरा, जी आपल्याकडे 1962 साली आजच्या हिमाचलातल्या नगरोटा इथे पहिल्यांदा नीट रुजली.

आता भोपळ्याचं. ही सगळी गोष्ट माझ्या मते त्या भोपळ्यामुळे उभी राहिली.

लष्करातल्याच चिटणीस की गोठ या वस्तीत आमच्या एका विद्यार्थिनीच्या आजीचं अंगण आहे. पावसाळ्यात तिथे लाल भोपळ्याचा वेल भिंत ओलांडून शेजारी जातो. आजींची तक्रार होती, की फुलं ढीगभर येतात आणि फळं गळतात. कारणही त्यांना माहीत होतं: येणारे-जाणारे बोट दाखवतात. कोवळ्या भोपळ्याकडे बोट दाखवलं की तो सडतो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असतं. मी प्रयोगाची परवानगी मागितली. आजी म्हणाल्या, "करा काय ते, पण बोट कुणी दाखवायचं नाही. मूठ करून दाखवा."

भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या बुडाशी कळीपासूनच इवलासा भोपळा असतो. मुलांना हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन आयांनाही नव्हतं. फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापायच्या आत मिटतं. पराग पोहोचायचा तो तेवढ्यातच. म्हणून आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादी कळ्या शोधायच्या. काहींवर मलमलीची पिशवी बांधायची, काही तशाच सोडायच्या, आणि काहींना सकाळी मुलांनी स्वतः नर फूल तोडून, पाकळ्या सोलून, आतल्या दांडीने पराग लावायचा. हे सगळं शाळेच्या बसच्या आधी. साडेसहाला अर्धवट झोपेतली मुलं त्या अंगणात मुठीने भोपळे दाखवत उभी असायची आणि बाहेर स्कूटरवर बसलेले वडील घड्याळ बघत असायचे.

पिशवीतले सगळे पिवळे पडून गळाले. हाताने पराग लावलेले बहुतेक धरले. इथवर पुस्तकातल्याप्रमाणे. पण मोकळ्या सोडलेल्यांपैकीही बरेच गळाले, आणि मुलांनी तिथे थांबून विचार केला. सहावीतला एक, जो एरवी वर्गात गोष्ट सुरू झाली की पेंगतो, म्हणाला, "म्हणजे उघडं ठेवून उपयोग नाही. आजींकडे माश्याच कमी येतायत." मग शोध सुरू झाला, का कमी येतात. आजूबाजूची अंगणं फरशीची झालीत, कडुलिंब गेला, डासांसाठी संध्याकाळी धूर सोडतात. त्यांची यादी मी तपासली नाही, दुरुस्तही केली नाही. महत्त्वाचा धडा झाला होता आणि मी एक वाक्यही बोलले नव्हते.

आजींना निकाल सांगितला. त्यांनी नर फूल, मादी फूल सगळं नीट ऐकून घेतलं आणि आता त्या रोज सकाळी स्वतः पराग लावतात. बोट दाखवू देत नाहीत ते नाहीतच.

मधमाशीच सगळं करते असं मुलांच्या डोक्यात बसू नये म्हणून एक तास वांग्याला दिला. वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीतल्यासारखा टोकाच्या भोकातून बाहेर पडतो, आणि त्यासाठी फूल विशिष्ट वेगाने थरथरावं लागतं. मधमाशीला ते जमत नाही. काळा लाकूडपोखर भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो तेव्हा पराग सांडतो. भुंगा ऐन वेळी येईलच असं नाही, म्हणून एका वडिलांचा विजेवर चालणारा टूथब्रश मागवला, फुलाच्या देठाला टेकवला आणि खाली काळा कागद धरला. पिवळी पूड कागदावर दिसली तेव्हा जो आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या खोलीतला भजनाचा सराव थांबला. ब्रश धुऊन परत केला. त्यांनी पुढे तो वापरला की नाही, विचारलं नाही.

नाच शिकवायला सोपा जाईल असं वाटलं होतं, तो अवघड गेला आणि म्हणूनच मजेचा झाला. मकरंद सापडलेली माशी उभ्या पोळ्यावर इंग्रजी आठच्या आकारात नाचते आणि मधल्या सरळ रेषेत पोट हलवते. ही रेषा सरळ वर गेली तर "सूर्याच्या दिशेने जा". उजवीकडे चाळीस अंश कलली तर "सूर्याच्या उजवीकडे चाळीस अंश". पोट जितका वेळ हलवेल तितकं अंतर लांब. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली आणि 1973 च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आम्ही जमिनीवर खडूने पोळं आखलं, गणपतीच्या तसबिरीची बाजू "वर" धरली, बाहेर आवारात बेसनाच्या लाडवांचा डबा लपवला. एक मूल डबा बघून येणार, नाचणार, बाकीच्यांनी कोनमापक लावून दिशा काढायची, कमरेचा एक झटका म्हणजे दहा पावलं. पहिल्या तुकडीने कोन कसा धरायचा यावर इतका वाद घातला, की तोवर सूर्य सरकला आणि मंडळी पाण्याच्या नळापाशी जाऊन पोहोचली. माश्या हा सरकलेला सूर्यही हिशेबात धरतात हे सांगितल्यावर वर्गात पहिल्यांदाच खरी शांतता झाली. नंतर फुलोरीचं सांगितलं. तिच्या पोळ्याला फांदीवर सपाट माथा असतो, त्यावर ती नाचते आणि सरळ फुलांच्या दिशेनेच धावते. सूर्य-कोन असं रूपांतर नाही. "मग आपण फुलोरी का नाही झालो?" असं आमच्या सर्वांत लहान सभासदाने रागाने विचारलं. तोवर लाडू संपले होते.

याच सुमारास काही मुलांच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीच्या खाली आग्या मोहोळ बसलं. समोरच्या गच्चीवरून दुर्बिणीने ते छान दिसायचं. दारापुरत्या पडद्याएवढं पोळं, वर माश्यांचा जिवंत थर. गांधीलमाशी जवळ आली की त्या थरावरून स्टेडियममधल्यासारखी लाट जायची: माश्या ओळीने पोट वर उचलतात आणि क्षणात सगळं पोळं लकाकतं. हल्लेखोराला बिचकवण्याची ती त्यांची रीत. मुलं ती लाट यावी म्हणून तासन्‌तास बसत.

इमारतीतल्या मोठ्यांना अर्थातच काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. आग्या चिडली तर जिवावर बेततं. तिथे म्हातारी माणसं राहतात, दिवाळीचे फटाके तोंडावर आले होते. मी जाऊन सांगून आले: टाकीवरचा मोठा दिवा रात्री बंद ठेवा, कारण उजेडाकडे या माश्या झेपावतात, जिन्याचं दार लावा, आवाज-धूर लांब ठेवा, उन्हाळ्याच्या आत-बाहेर त्या आपण होऊन निघून जातात. सगळ्यांनी मान डोलावली. दिवाळीच्या चार दिवस आधी रात्री माणूस बोलावून, मशाली लावून ते जाळलं.

रविवारी मुलं काडेपेट्यांत मेलेल्या माश्या भरून घेऊन आली. मी काही ठरवलेलं नव्हतं. भिंगं काढली, शाळेतून मागून आणलेला सूक्ष्मदर्शक मांडला. दोन मोठे डोळे आणि कपाळावर तीन बारीक, असे पाच. पुढचा आणि मागचा पंख जोडणारी आकड्यांची बारीक रांग. मागच्या पायावरची पराग साठवायची खोलगट जागा. डंखाचे दात. अभ्यास म्हणून तो रविवार सगळ्यांत चांगला झाला, आणि हे बोलताना मला अजून बरं वाटत नाही. ज्यांच्या सांगण्यावरून जाळलं त्यांचा मुलगाही वर्गात होता. डंखाचं सर्वांत बारकाईने चित्र त्याने काढलं. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही, याचं श्रेय मुलांनाच.

पौषात मोहरी पाहायला गेलो. ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे निघालं की हिवाळ्यात दोन्ही बाजूंना पिवळं रान असतं आणि शेतांच्या कडेला पेट्यांच्या रांगा. पेट्यावाल्याने फोनवर बजावलं होतं, "बारह बजे के पहले मत आना." इथलं जानेवारीतलं धुकं अकरा-अकरापर्यंत उठत नाही आणि अशा गारठ्यात माश्या बाहेर पडतच नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं लागलं होतं. पेटीच्या तोंडाशी येणाऱ्या प्रत्येक माशीच्या मागच्या पायांना पिवळे गोळे.

जाळीच्या टोप्या पाळीपाळीने घातल्या. त्याने धुराडं फिरवलं. धुराने धोक्याचा वास झाकला जातो आणि माश्या घर सोडावं लागेल म्हणून मध पिऊन घेतात. पोट भरलेली माशी कमी डसते. मग एक चौकट वर काढली. वरच्या पट्ट्यात मेणाने बंद केलेला मध, त्याखाली परागाची रंगीत घरं, मधोमध पिलावा, म्हणजे अंडी आणि अळ्या. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला 21 दिवस, नर व्हायला 24 आणि राणी मात्र 16 दिवसांत. नराला डंख नाही, मकरंद आणायचं काम नाही, आणि तंगी आली की कामकरी माश्या त्याला घराबाहेर काढतात. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी निषेध नोंदवला. मग मी कोडं घातलं: नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, त्याला वडील नसतात, पण आजोबा असतात. कसे? आठवीच्या दोघींनी बसच्या पायरीवर बसून त्याची वंशावळ काढली. आई 1, आजी-आजोबा 2, त्याच्या वर 3, मग 5, मग 8. पुढे 13 येणार हे त्यांनी न मोजता सांगितलं.

पेट्यावाला बोलका होता. सरसों संपली की यातल्या काही पेट्या ट्रकवर चढून लीचीच्या मोहरासाठी बिहारकडे जातील, तेही रात्री, माश्या घरात असताना. त्याची खरी चिंता मावा ही बारीक कीड, इथला माहू. मोहरीवर माहू पडला की शेतकरी औषध मारतो, आणि भर दुपारी मारलं तर पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडतो. "शाम को मारो, इतना ही तो कहते हैं." काही शेतकरी पेट्या ठेवूच देत नाहीत, म्हणतात, तुमच्या माश्या रस शोषतात, दाणा बारीक राहतो. प्रत्यक्षात मोहरी स्वतःच्या परागावरही धरते, पण माश्या फिरल्या तर शेंगा अधिक भरतात. हे ऐकून एक मुलगी मला म्हणाली, "काकू, त्यांचाही वर्ग घ्या ना." आधी विनोद वाटला. नंतर वाटलं, खरंच ते काम जास्त गरजेचं आहे आणि माझ्या आवाक्याबाहेरचं.

परतीच्या बसमध्ये भांडण झालं: मध काढणं ही चोरी की नाही? एका कामकरी माशीच्या अख्ख्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा साधारण बारावा भाग मध होतो, हे मी सांगून बसले होते. लगेच कुणीतरी बाटलीचं वजन वाचलं आणि हिशोब सुरू झाला. अर्ध्या किलोमागे साडेआठशे माश्यांची आयुष्यं. चोरीवाल्यांचा पक्ष जड झाला. दुसऱ्या बाजूने म्हणणं, की पेट्यावाला पिलाव्याच्या घराला हात लावत नाही, वरच्या कोठीतलाच मध घेतो, तंगीत साखरेचा पाक देतो. मध्येच एकाला भीमबेटकाच्या गुहाचित्रांतला मध गोळा करण्याचा प्रसंग आठवला, जो मी कधीतरी दाखवला होता. "आपण पहिल्यापासूनच चोर आहोत," तो म्हणाला. लष्करातला बाडा चौक येईपर्यंत निकाल लागला नाही. मी लावलाही नाही.

प्रत्येकाने घरी बाटली नेली होती, त्याचे फोन संक्रांतीनंतर सुरू झाले. "काकू, मध गोठला. साखर आहे हो त्यात." मोहरीचा मध असाच असतो: त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त, म्हणून काही आठवड्यांत दाणेदार होऊन तुपासारखा थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की सैल होतो. पाण्यात थेंब टाकून बघणं, कागदावर टाकून बघणं या घरगुती परीक्षांवर मी फार विसंबणार नाही. दाट पाकही त्यात पास होतो. एक फोन मात्र मी मुद्दाम लांबवला. त्या घरात दोन महिन्यांचं बाळ होतं आणि पणजीबाईंना शुद्ध मध मिळाल्याचा आनंद झाला होता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, मध कितीही शुद्ध असला तरी; त्यात बोट्युलिझम या जिवावर बेतणाऱ्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एवढ्या लहान आतड्यांना ते झेपत नाहीत. पणजीबाईंनी स्वतःच्या सात मुलांचा दाखला दिला. शेवटी बाळाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर ऐकलं.

वर्ग ठरल्याप्रमाणे संपला. पुढच्या वर्षी भोपळ्याबरोबर घोसाळ्याचाही वेल लावायचा आहे, आणि नाचाच्या दिवशी लाडू दुप्पट.

माघ संपता संपता त्याच टाकीखाली पुन्हा आग्या आल्या. जुन्या जागेवर त्या परततात हे मुलांना माहीत होतं, मोठ्यांना नव्हतं. या वेळी मला फोन आला तो ज्यांनी मागचं पोळं जाळायला लावलं त्यांचाच. "मॅडम, घरात मुलगा जेवत नाहीये. सांगा, काय काय करायचं." मी पुन्हा तीच यादी सांगितली. टाकीवरचा दिवा आता पार्किंगच्या बाजूला वळवलाय, जिन्याच्या दाराला कुलूप आहे, आणि खाली मुलांनी लिहिलेली सूचना आहे, ज्यात केळ्याचा उल्लेख सर्वांत मोठ्या अक्षरांत आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांची तक्रार आहे, की जिन्यात अंधार पडतो. त्यासाठी येत्या रविवारी सभा ठेवलीय. वर्ग त्याच वेळेला असतो, म्हणून तो तासभर पुढे ढकललाय. निम्म्या मुलांना सभेला जायचंय.